बाई बाजेवर, बाप्या चुलीपाशी

दहाव्याला कावळा शिवेना.

नदीच्या घाटावर आम्ही सकाळी नऊपासून उभे होतो. पिंड मांडून झाले होते. शेजारी पत्रावळीवर सुनेने जिलेबी ठेवली होती, हिला आवडायची म्हणून. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या तारेवर ओळीने बसले होते. बघत होते. उतरत नव्हते.

मग पद्धतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडायला लागला. मेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलेला असतो. तो कशात ते ओळखायचं आणि ‘आम्ही करू’ असा शब्द द्यायचा. बरोबर ओळखलं की कावळा येतो. मुलगा म्हणाला, "आई, आबांची काळजी करू नकोस. आम्ही सांभाळू." कावळा आला नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. सून म्हणाली, "तुमच्या नातीला खूप शिकवू." नाही. चुलतभाऊ म्हणाला, "वहिनी, बांधाचं भांडण मी मिटवतो." त्या बांधावर आता आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे. हे कावळ्यांनासुद्धा माहीत असावं.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. आमच्या मागे दुसरी मंडळी नंबर लावून उभी होती. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. तो गुरुजींनी पिशवीतून काढलासुद्धा.

तेव्हा मी पुढे झालो. कशात अडकलंय ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. दुसऱ्या कशावर भागतंय का, ते बघत होतो.

"नेतो तुला ते गाव दाखवायला," मी म्हणालो.

एक कावळा उतरला, पिंडाला चोच मारली आणि भात घेऊन गेला. जिलेबीला हात लावला नाही. म्हणजे चोच.

"आबा, कुठलं गाव?" मुलाने विचारलं.

"आहे एक."

कावळा माझ्या बोलण्याने आला, की तोवर सगळे कंटाळून मागे सरकले होते म्हणून आला, हे मला सांगता येणार नाही. मी चौथी शिकलेला माणूस. पण शब्द गेला तो गेला. जिवंत बायकोला दिलेला शब्द मोडला तर ती भांडते, मग मिटतं. हिच्याशी आता मिटवायचं कसं?

ते गाव म्हणजे खरं गाव नव्हे. दिवे घाट चढून पुढे कुणीतरी माळ विकत घेऊन त्यावर जुनं खेडं बांधलंय. मातीच्या भिंती, कौलं, पार, विहीर, आणि घराघरांत माणसांचे पुतळे. गावकरी फायबरचे. शहरातली माणसं दिवसभरासाठी जातात, बैलगाडीत बसतात, पिठलं-भाकरी खातात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परत येतात. शेजारणीने हिला मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवला आणि त्या दिवसापासून हिने धरलं, मला तिथे न्या.

तेव्हा ती आजारी होती. हॉलमधल्या कॉटवर पडून असायची. मुलगा, सून कामावर. स्वैपाकाच्या बाईच्या पोळ्या हिच्या घशाखाली उतरत नव्हत्या, दुधात कुस्करलेली भाकरी तेवढी जायची. ती मी करायचो. पंचाहत्तर वर्षं पिठाला हात लावला नव्हता. ही कॉटवरून शिकवायची. "पाणी कमी घाला." "अहो, थापायची असते ती, मारायची नसते." असं चाललं होतं. त्यात हे गावाचं खूळ.

"गावात जन्म गेला," मी म्हणालो, "आता तिकीट काढून गाव बघायचं?"

खोटं नव्हतं ते. आम्ही हडपसरचे, हडपसर गाव होतं तेव्हापासूनचे. आमची बिल्डिंग आहे तिथे आमचा ऊस होता. मी माझ्याच वावरात राहतो, फक्त सात मजले वर.

तिने तीनदा विचारलं. तीनदा मी तेच बोललो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, बघा तरी. बघितल्यावर बोला." चौथ्यांदा विचारलं नाही.

घाटावरून आल्यावर मुलगा म्हणाला, आपण सगळे जाऊ, एखादा रविवार बघू. त्याने पुष्कळ रविवार बघितले. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मी त्याला म्हणालो, रविवार तू ठेव, मला बुधवारी गाडी करून दे. मी गुरुजींनाही विचारून ठेवलं होतं, की मेलेल्या माणसाला नेतो म्हटलं तर न्यायचं कसं. ते म्हणाले, "तुम्ही जा, त्या येतील." सांगायला काय जातं. पण दुसरं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

बरोबर मेहुणीला घेतलं. ही हिची धाकटी बहीण, शेजारच्या मांजरी गावात असते, सत्तरीची आहे. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. तिला घेण्याचं कारण एवढंच, की त्या व्हिडिओत हिने असं काय बघितलं ते मला कधी कळलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आणि नेतो म्हटल्यावर नुसती गाडी फिरवून आणून भागत नाही. जे बघायचं होतं ते बघितलं गेलं पाहिजे. मेहुणीला ठाऊक असणार. बहिणी एकमेकींना सगळं सांगतात, नवऱ्याला जे सांगायचं ते सोडून.

गाडी आली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मेहुणी मागे बसली आणि शेजारी तिने पिशवी ठेवली.

"पिशवी खाली ठेव," मी म्हणालो.

"का? जागा हाय की."

"ती जागा मोकळी ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पिशवी मांडीवर घेतली. पन्नास वर्षांत मी तिला गप्प बसलेली पहिल्यांदा बघितली. पण ते घाटाच्या पायथ्यापर्यंतच टिकलं.

"दाजी, आता जाताय व्हय," ती म्हणाली. "ती व्हती तवा तुमचं पाय दुखत व्हतं."

"काय बघायचं होतं तिला तिथे?"

"ते मी नाय सांगायची."

"का?"

"तिनंच सांगितलं व्हतं. ह्यांचं ह्यांना दिसू दे म्हनली. न्हाय दिसलं तर मंग सांग."

"सांगून टाक. वेळ वाचेल."

"तुमाला कुठं जायचंय वेळ वाचवून?"

ड्रायव्हर खोकला. हसू दाबायला माणूस खोकतो तसा. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

गावाच्या वेशीत फेटा बांधलेला एक गडी उभा होता. तिशी-पस्तिशीचा, मिशी कोरलेली. त्याने आम्हाला टिळा लावला, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. "राम राम पाव्हणं! म्या हितला सरपंच हाय बगा!" असं मोठ्याने म्हणाला. एवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. बाजूला होऊन तो "हां सर, फॉर्टी पॅक्स कन्फर्म आहेत सर, लंच इन्क्लुडेड" असं बोलला, मोबाईल खिशात ठेवला आणि परत "चला, गाव दावतो तुमास्नी" म्हणाला. मॅनेजर होता. शिकलेला होता. मला तो वाईट वाटला नाही. आमच्या खऱ्या सरपंचापेक्षा याने पाणी तरी दिलं.

मेहुणीच्या गुडघ्याने चालवेना. ती पारावर बसली. "तुमी या बघून," म्हणाली. "नीट बघा. घरंबी बघा. बाप्ये मान्सं बघत न्हाईत घरं."

मी मन लावून बघायला लागलो. एकही गोष्ट सोडायची नाही असं ठरवलं होतं. आणि बघावं तिथे चूक.

नांगर धरलेला शेतकरी होता, त्याचा हात कमरेवर. नांगराची मूठ, म्हणजे रुमणं, मोकळंच. असा नांगर धरला तर नांगरटीचं तास आंबेगावला जाईल. बैलांना वेसण नाही. पुढे न्हावी बसला होता, त्याने वस्तरा बोथट बाजूने गालाला लावलेला. विहिरीवर मोट होती, पण मोट ओढणारे बैल विहिरीकडे तोंड करून उभे. मोट वर यायला बैल विहिरीपासून लांब जावे लागतात. हे बैल पाणी काढत नव्हते, आत्महत्या करायला निघाले होते. जात्यावर दोन बाया बसवल्या होत्या. जात्यात दाणा नव्हता, गाणं स्पीकरवर.

मी हे सगळं सरपंचाला सांगत होतो. आधी तो "व्हय, व्हय" म्हणत होता. मग त्याने वही काढली आणि लिहून घ्यायला लागला. भाषाही सरळ झाली. "काका, तुम्ही पहिले आहात बरोबर सांगणारे. बाकी सगळे सेल्फी काढतात." मला बरं वाटलं, ते लपवत नाही. दोन वर्षांत माझं कुणी काही लिहून घेतलं नव्हतं. डॉक्टरने घेतलं होतं, पण ते हिचं.

असं फिरत फिरत शेवटच्या आळीतलं शेवटचं घर आलं. एक खोली. एका बाजूला बाज, दुसऱ्या बाजूला चूल, तव्यावर प्लास्टरची भाकरी. आणि बाजेवर बाई बसली होती, चुलीपाशी बाप्या.

बाईचे दोन्ही हात समोर, तळवे एकमेकांकडे. बाप्या परातीवर वाकलेला, एका तळव्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा.

"हे काय?" मी म्हणालो.

"काय झालं काका?"

"हा तंबाखू मळतोय. हा बाजेवरचा माणूस आहे. आणि ती भाकरी थापतेय, ती चुलीपाशी पाहिजे. तुम्ही उलटी बसवली माणसं."

सरपंचाने डोकं खाजवलं. गेल्या वर्षी रंग दिला तेव्हा पुतळे बाहेर काढले होते म्हणाला, मजुरांनी परत ठेवताना अदलाबदल केली असेल. "पण काका, लोक हसतात इथे. व्हिडिओ काढतात. म्हणून आम्ही पण काही—"

"लोक हसतील नाही तर काय करतील? नवरा भाकरी थापतोय आणि बाई बाजेवर बसून टाळ्या वाजवतेय. कुठल्या खेड्यात बघितलंत असं? दाखवायचं तर बरोबर दाखवा. आत्ता फिरवा."

त्याने दोन माणसं बोलावली. पुतळे आतून पोकळ, दोन मिनिटांत जागा बदलल्या. बाप्या बाजेवर गेला, एकदम घरचा मालक दिसायला लागला. बाई चुलीपाशी गेली. तिचे हात परातीवर चपखल बसले. मी स्वतः तिचा पदर, म्हणजे पदराचा रंगवलेला भाग, भिंतीकडे येईल असं जरा फिरवलं. गावात एक गोष्ट बरोबर झाली.

समाधानाने पारावर आलो. मेहुणी म्हणाली, "दिसलं?"

"सगळं बघितलं. सगळं चुकीचं आहे."

"जेवताना सांगा."

जेवायला पंगत मांडली होती. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. समोर चूल पेटवून ठेवली होती धुरासाठी, आणि भाकऱ्या मागच्या भिंतीआड गॅसवर होत होत्या. सिलिंडरचं बूड मला दिसत होतं. ते मी लिहून घ्यायला सांगितलं नाही. भाकरी चांगली होती आणि खरकट्या तोंडाने नावं ठेवू नयेत.

मी मेहुणीला एकेक चूक सांगत गेलो. मोटेच्या बैलांचं सांगितलं. न्हाव्याचं सांगितलं. ती घास घेत ऐकत होती.

"आन घरं?" ती म्हणाली. "शेवटच्या आळीचं?"

"तिथे तर कहर. बाई बाजेवर, बाप्या चुलीपाशी. मी सरपंचाला सांगून दुरुस्त करून घेतलं."

मेहुणीचा घास हातात राहिला.

"काय क्येलं?"

"जागच्या जागी बसवले दोघांना."

तिने घास ताटात ठेवला. आधी मला वाटलं तिला ठसका लागला. पण ती हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग नुसतीच पुसत राहिली.

"दाजी," ती म्हणाली, "त्येच दावायचं व्हतं तिला तुमाला."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"तो व्हिडिओ बघून अशी हसली, च्या नाकातनं आला. मला फोन क्येला. म्हनली, अगं, आमचंच घर हाय त्ये. मी बाजंवर अन् हे चुलीपाशी. ह्यांना न्हेऊन दावायचंय."

"आमच्याकडे गॅस आहे," मी म्हणालो.

"म्हनली, मला गाव न्हाई बघायचं. गाव काय बघायचंय. ते बघून ह्यांचं तोंड कसं व्हतंय, ते बघायचंय." मेहुणीने परत डोळे पुसले. "आन म्हनली, बघ तू, हे लगीच म्हनत्याल, चुकलंय, बदला."

पंगतीत वाढपी आला. भाकरी हवी का विचारायला. मी नको म्हणालो. अर्धी ताटात होती.

पन्नास वर्षं एका माणसाबरोबर राहिलं की ते माणूस आपल्याला पाठ करून ठेवतं. मी काय बोलणार ते ती कॉटवर पडून आधीच बोलून गेली होती. आणि मी शब्दाचा पक्का माणूस, वर्षभराने गाडी करून घाट चढून आलो आणि तेच बोललो. शब्दसुद्धा बदलला नाही. फक्त बोललो तेव्हा माझ्या तोंडाकडे बघायला कुणी नव्हतं. मेहुणी पारावर होती. सरपंच वहीत बघत होता. ज्याच्यासाठी कावळा आला, ते झालं आणि वाया गेलं.

आणि आणखी एक. तिच्या शेवटच्या महिन्यात एकदा माझी एक भाकरी फुगली होती. टम्म. पहिली आणि शेवटची. मी तव्यासकट हॉलमध्ये नेऊन दाखवली. तिने उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मी पाठीला उशी लावली. मग तिने टाळ्या वाजवल्या. दोन. तिसऱ्या टाळीला हात वर आले ते तसेच राहिले, दम लागला. तळवे एकमेकांकडे.

तेच हात मी सकाळी त्या घराच्या दारात उभा राहून बघितले होते, आणि भाकरी थापतेय म्हणालो होतो.

मी हात न धुता उठलो. सरपंच दुसऱ्या पाहुण्यांना "म्या हितला सरपंच हाय" सांगत होता. मी त्याची बाही धरली. पिठलं लागलं तिला.

"ते शेवटचं घर," मी म्हणालो. "परत होतं तसं करा."

"काका, तुम्हीच तर म्हणालात चुकलंय."

"चुकलंयच. तसंच ठेवा."

"अहो, पण कुठल्या खेड्यात—"

"आहे एका ठिकाणी. हडपसरला. सातव्या मजल्यावर."

त्याला काही कळलं नाही. माणसं जेवायला बसलीत, अर्ध्या तासाने पाठवतो म्हणाला. मी थांबलो नाही. एकटाच गेलो. खोलीत कुणी नव्हतं. आधी बाप्याला बाजेवरून उचलून चुलीपाशी ठेवला. त्याला जरा आपटलाच. मग बाईच्या पाठीमागून एक हात घातला, एक गुडघ्यांखालून, आणि उचलली. वजन काही नव्हतं. हिलाही शेवटी बाथरूमला असंच न्यायचो, तेव्हाही काही नव्हतं. हाताला सवय होती. बाजेवर ठेवताना मी "सांभाळून" म्हणालो. तेही सवयीने.

मागे कण्हण्याचा आवाज आला. मेहुणी दारात उभी होती, चौकट धरून. पारापासून तिथवर चढ आहे. कशी आली तिचं तिला माहीत.

"थांबा," ती म्हणाली. "हलू नका."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ. मी पुतळ्यांकडे बघत होतो. बाप्याच्या तव्यातली प्लास्टरची भाकरी बांगडीसारखी गोल होती. माझी तशी एकही झाली नव्हती. तरी बाई टाळ्या वाजवत होती.

"काय बघतेस?" मी म्हणालो.

"तुमचं तोंड. तिला सांगाया लागंल कसं झालं व्हतं ते."

"कधी सांगणार?"

"जाईन तवा."

ती वाकून गुडघा चोळायला लागली. पोकळ पुतळ्यांपेक्षा ती बरीच जड आहे, तरी मी दंड धरून तिला बाजेच्या कडेला बसवली, त्या बाईच्या शेजारी. दोघी बसल्या.

"घाई करू नकोस," मी म्हणालो. "गाडी चारला सांगितलीय."